न बांधलेली होडी

बाळकुमच्या धाकूने मारलेली गाठ भरतीच्या पाण्यालाही सुटत नसे, आणि याचा त्याला भारी तोरा होता. होडीवाला गडी, त्याने मिरवायचं तरी आणखी काय? पण तीच गाठ पुढे त्याच्या जिवाला घोर लावून बसली.

महिपत त्याचा थोरला भाऊ. आईबाप गेल्यावर यानेच धाकूला खांद्यावर खेळवलं, वल्हं धरायला शिकवलं. त्याला रक्तपिती झाली. गावाने खाडीच्या बांधावर झोपडी दिली आणि हात झटकले. धाकू मात्र रोज होडीने भाकरी घेऊन जायचा, स्वतः भरवायचा, कारण महिपतला बोटंच उरली नव्हती.

"मना खारीन नेऊन सोर," खाडीच्या खोल पाण्याकडे बघत महिपत विनवायचा.

जुनी माणसं सांगत, पूर्वी अशाला घरचेच जलसमाधी देत. आता राणीचा कायदा आला होता. मरण मागणाऱ्याच्या यातना त्यात कुठेच नव्हत्या, हात देणाऱ्याला मात्र तुरुंग होता. पलीकडच्या गावचा काळुराम चुलत्याला असाच पोचवून खडी फोडत होता. धाकूची पोरं लहान होती. तो नाही म्हणत राहिला.

एकदा महिपत ढसाढसा रडला. "तुजी गाठ मना सुटत नाय, धाकू. आज तेवरी मारू नको. बाकी मी बघतो."

त्या संध्याकाळी ओहोटी लागली होती. धाकूने भावाला भरवलं, त्याच्या पाया पडला, दोर झोपडीजवळच्या खुंट्याला नुसता गुंडाळला आणि होडी तिथेच ठेवून बांधावरच्या लांबच्या वाटेने चालत घरी आला. बायको रखमा चुलीशी होती. तो दारात बसला, तोच खाडीवरून हाक आली, "धाकू! धाकू रं!"

तो उठला नाही. दादा निरोप घेतोय, असं त्याने मनाला बजावलं.

सकाळी खुंट्याशी होडी नव्हती आणि झोपडीत महिपत नव्हता. फौजदाराने विचारलं, "होडी सोडली कोणी?"

"बांधाची इसरलो, सायेब."

धाकू होडी बांधायला विसरला, यावर बाळकुमातलं शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नव्हतं. पण सगळे खाली मान घालून गप्प राहिले. फौजदार परत गेला.

पोरं मोठी झाली, केस पिकले, तरी ओहोटी लागली की धाकू रखमाला विचारायचा, "तू बी आयकलास ना गो? तो निरोपाचा आवाज व्हता, का मना परत ने म्हनून?"

"निरोपाचाच," रखमा म्हणायची, आणि तोंड फिरवून चुलीत लाकूड सारायची.