लाइनवरचा लाल दिवा

अंबडच्या कारखान्यात आम्ही बाया मधून पट्टा सरकणाऱ्या लांब टेबलाशी समोरासमोर बसून विजेची बटणं जोडायचो. एक दिवस कॅन्टीनमध्ये सुपरवायझर मॅडमनी सांगितलं, आपल्या लाइनवर ऐकू न येणारी एक मुलगी येणार आहे. कंपनीचं आता तसं धोरणच आहे, सांभाळून घ्या.

विरोधाला सगळ्यांत आधी कोण उठलं असेल? मीच. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे चौपन्नची, आणि शहाणपण नुसतं उतू जात होतं.

"मॅडम, बजर वाजला की हात थांबवायचे असतात. तिला कळणार कसं? एक चुकली की सगळ्या लाइनचा इन्सेंटिव्ह जातो."

बायांनी माना डोलावल्या. मुलीबद्दल कुणाच्या मनात वाकडं नव्हतं, पण तिच्या चुकीचा भुर्दंड आमच्यावर का, हे मॅडम सांगत नव्हत्या. माझ्या शेजारची सटाण्याची मैत्रीण तेवढी म्हणाली, "येऊ द्या की. बोलणारी एक कमी, तेवढाच कानाला आराम."

माझी गोम वेगळीच होती. माझा डावा कान कधीच गेला होता आणि उजवा त्याच्या मागे निघाला होता. लोकांचे ओठ बघून, शेजारणीचे हात थांबले की आपले थांबवून मी वेळ मारून नेत होते. कानांचा विषय निघाला तर पहिली मीच सापडणार आणि रिटायर व्हायच्या आधीच घरी बसणार, ही धास्ती.

मुलगी आली ती नेमकी माझ्यासमोर बसली. एकदा बजर झाला तरी मी खाली मान घालून स्क्रू आवळतेच आहे. ती मात्र थांबली होती. टेबलावर टेकलेल्या मनगटाला पट्टा थांबल्याचं कळलं होतं. तिनं टेबलावर टकटक केली, माझ्या कानाकडे बोट दाखवलं आणि हसली. मी नाही नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. तिनं माझा तळवा धरून टेबलाच्या कडेवर ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून बजर झाला की तिची टकटक ठरलेली.

पुढं मॅडमनी बजरसोबत लाल दिवा लावायचं काढलं, तेव्हा बाया कुरकुरल्या, "एका पोरीसाठी एवढं?" ती पोर सगळ्यांचे ओठ वाचत होती. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

"दोघींसाठी," मी म्हणाले. "मलाही ऐकू येत नाही."

सटाण्याची वळून मला नीट दिसेल असं बोलली, "आम्हाला काय ठाऊक नाय होय? माझी सासू वारली म्हणाले, तर म्हणालीस, छान, पेढे आण."

मॅडमही हसल्या. दिवा लागला. नव्या बाईचा हात बसेपर्यंत तिचं काम लाइनच्या इन्सेंटिव्हपासून वेगळं धरायचं ठरलं, तशी उरलेली कुरकुरही निवली. मला कुणी घरी पाठवलं नाही. त्याच खुर्चीवरून मी हारतुरे घेऊन रिटायर झाले, हे त्या मुलीचे उपकार.

आता ती आणि मी व्हिडिओ कॉलवर, तिनंच शिकवलेल्या खुणांनी, हातांनी बोलतो. सून म्हणते, "आई, बोलणं एक अक्षर नाही, पण तुमचं हसणं अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं."