धारंची गोळी

"साखर दोन पॉइंट आठ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गावाकडं माझी साखर दीडशेच्या खाली कवा आली न्हाई. ही दोन कुठनं आली? मशीन बिघडलंय म्हणावं, तर सदरा घामानं भिजलेला, आन् मेलबर्नच्या त्या दवाखान्यात मला माझं गाव राहू, तालुका दौंड, एवढंबी धड सांगता येईना.

लेक वर्षा शेजारी उभी व्हती. म्हणाली, "आप्पा, इथलं माप वेगळंय. आपल्याकडचं पन्नास धरा." दुखण्याचं नाव हायपोग्लायसेमिया, म्हंजी रक्तातली साखर एकदम उतरणं. आयला, जन्मभर वाढती म्हणून बोंब, आन् इथं येऊन उतरली!

डॉक्टरीणबाई इंग्रजीत विचारायच्या, वर्षा मराठीत.

"आज गोळ्या किती घेतल्या?"

"एकच."

"आप्पा, मग आठला मी दिली ती?"

"ती कालची."

वर्षानं कपाळावर हात मारला.

आता माझं काय चुकलं ते ऐका. शुगरची गोळी मला बारा वर्षं बायकोच देती. सकाळी म्हशींची धार झाली, भाकरी पुढं आली, की गोळी हातावर. घड्याळ कोण बघतंय? म्हशींपायी ती संगं आली न्हाई, पण धार झाली की फोन करायची, "झाली धार. गोळी घ्या." तवा मेलबर्नात साडेअकरा वाजलेले असायचे. वर्षा मातर आठलाच नाष्ट्यासंगं गोळी द्यायची. मी म्हणायचो, राहूला अजून उजाडलं न्हाई, म्हंजी ही कालची राहिलेली. बायकोची ती आजची, ती मी माझ्या पिशवीतनं काढून घ्यायचो, वर्षाला ठाऊक न्हवतं. आमचा बाप मेंढरं घेऊन चांदण्यांवर कोकणात उतरायचा, कधी वाट चुकला न्हाई. आन् मला सकाळ कुठली तेच उमगंना.

पहिले दोन दिवस हातपाय कापले, डोकं गरगरलं. प्रवासाचा शीण म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी वर्षा अंघोळीला गेली, चार महिन्यांची नात माझ्या मांडीवर. हात थरथराया लागले. हे बाळ कुणाचं, तेच आठवंना. कसंबसं तिला खाली गोधडीवर ठेवलं आन् मी आडवा झालो. हातातनं निसटली असती तर? मला अजून त्याची लई भीती वाटती.

वर्षा बाहेर आली, मला बघून तशीच दवाखान्यात घेऊन आली. तिथं ग्लुकोजची सलाईन लावली. "या गोळीचा असर लांबतो, साखर परत उतरू शकती," म्हणून एक दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई रागावल्या न्हाईत. जाताना कागदावर एक सूर्य काढला, त्याच्याखाली एक गोळी. त्यांचे उपकार फिटायचे न्हाईत. तो कागद अजून माझ्या पाकिटात हाय.

तुमच्यातलं कुणी पोराबाळांकडं परदेशात जाणार असंल, तर आधी आपल्या डॉक्टरकडनं गोळीची तिथली वेळ लिहून घ्या. देणारं माणूस एकच ठेवा. खिशात साखर ठेवा. आन् कळंना तर विचारा, लाजू नका.

लेकीच्या घरी आलो. दोन दिवस गोळी बंद व्हती. तिसऱ्या दिवशी आठला वर्षानं दिली, मी घेतली. साडेअकरा वाजले, पण फोन आला न्हाई. बायकोनं धसका घेतला व्हता. "माझ्याच सांगण्यानं त्यांचा जीव गेला असता," म्हणून वर्षापाशी रडली व्हती. पावणेबाराला मीच फोन लावला.

"धार झाली का?"

"झाली." आवाज एवढासा.

"गोळी घेतलीय मी. पण उद्यापासनं फोन करीत जा. निस्तं 'धार झाली' म्हण. त्याबिगर मला उजाडत न्हाई."