चूलबंद आवतण

मामा गेल्याची बातमी घेऊन आलेल्या माणसाला मी आधी चांगलंच फैलावर घेतलं. कौलं चाळायला येतो म्हणून सांगून गेलेला गडी फिरकला नव्हता. दारात कुणीतरी टोपी हातात घेऊन उभं दिसलं, चष्मा माझ्या नाकावर नव्हता, आणि मी सुरू झालो. शब्दाची किंमत, तोंडावर आलेला पावसाळा, हल्लीची माणसं... सगळं ऐकवलं. तो खालमानेनं ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर हळूच म्हणाला, "दादा, मी कौलांचा नाय. मी गव्हाणवरना आलोय. तुमचं मामा पहाटं गेलं."

मामा असते तर म्हणाले असते, "भाच्या, तोंड उघडायच्या आदी समोर कोन हाय ते बगावं." हे त्यांचं एक मत. स्वतः त्यांनी ते कधी पाळलं नाही.

आबामामा माझ्या आईचे सख्खे भाऊ, गव्हाणचे मीठवाले. आमचं पनवेलला सुतळी-गोणपाटाचं दुकान. मिठासाठी गोणपाट न्यायला म्हणून ते यायचे आणि त्याच गोणपाटांच्या थप्पीवर दिवसभर बसायचे. गिऱ्हाईक सुतळी मागायचं, मामा त्याला मत द्यायचे. नवे पैसे आले तेव्हा म्हणाले, "रुपायाचे तुकडे जास्त केले, म्हंजे रुपाया मोठा झाला काय? भाकरीचं करून बग." मत कुणाला द्यावं, तर आधी उमेदवाराला बैलगाडीवर बसवावं, गाडी रुतल्यावर जो बैलांना शिव्या देतो, त्याला घरी पाठवावं. छत्री त्यांना अजिबात आवडत नसे. एकाला झाकते आणि शेजारच्याच्या खांद्यावर पाणी सोडते, ही श्रीमंतांची अक्कल, असं म्हणायचे आणि भर पावसात भिजत यायचे. आम्ही हसायचो. मत हे ऐकून सोडून द्यायचं असतं, असा माझा समज होता.

तो समज माझ्या धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या लग्नात गेला.

तांदळाची टंचाई होती. लग्नात ठरावीक माणसांपलीकडे भाताची पंगत घालायची नाही, असा कायदा आला होता. मामांचं मत तयारच होतं. "सरकारनं पाव्हणं मोजावं. घरची मानसं कोन मोजतो?" दुकानात बसलेली माणसं हसली, मीही हसलो. पुढं आवतणांची कामं वाटताना गव्हाणची जबाबदारी मी मामांवरच टाकली. चार घरांना सांगून या, म्हटलं. माणसाच्या मताचा त्याच्या पायांशी काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला घटकाभर अवकाश होता. वऱ्हाड आपट्याहून येऊन टेकलं होतं. तेवढ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिठाची लॉरी थांबली आणि तीतून माणसं उतरायला लागली. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं... उतरतच राहिली. सगळ्यांत शेवटी नवा फेटा बांधलेले मामा. मला बघून लांबूनच ओरडले, "सगली आळी आनली रे! चूलबंद आवतण दिलंय!"

चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या एकूण एक माणसाला जेवण; त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. असं आवतण दिलेल्याला उपाशी उठवणं म्हणजे त्याच्या तोंडात मारणं. आणि आमच्या माजघरात कायद्यात बसेल तेवढाच भात शिजला होता.

व्याही शिधावाटपाच्या कचेरीत कारकून. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. मला मांडवाच्या खांबाआड नेऊन म्हणाले, "दामोदरराव, असल्या लग्नांवरचे खटले मीच लिहितो. माझ्याच मुलाच्या लग्नात हे झालं, तर उद्या माझी नोकरी राहील का?"

"नुसत्या अक्षता टाकून जातील..."

"चूल विझवून आलेत ते. मांडवात बसले की तुम्ही वाढणार, ते जेवणार. ही माणसं परत जाईपर्यंत माझा मुलगा बोहल्यावर चढणार नाही."

मागे वळलो तर मामा उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता हे व्याह्यांना सरकार, तांदूळ आणि पोट यांच्यावर मत देणार आणि लग्न मोडणार, या भीतीनं मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला. फेटा सारखा केला आणि लॉरीकडे चालू लागले. मांडवात ताशा वाजत होता. गुरुजी हाका मारायला लागले होते, "मुलीचे मामा कुठे आहेत? मुलीला घेऊन या!"

लॉरीपाशी आळीतला मामांच्या वयाचा नामा पुढे झाला. "काय रं आबा, हितंच हुबं करतोस?"

"नामा, माजं चुकलं," मामा म्हणाले. मी जन्मात पहिल्यांदा ते ऐकत होतो. "भाच्यानं चार घरं सांगितली व्हती. आवतण माजं हाय, त्याचं नाय. चला मागारी."

"पोरांची त्वांडं बग. उपाशी धाडतोस?"

"मी धाडत नाय. मी येतो तुमच्यासंगं. मीपन उपाशी."

कुणी हललं नाही. एक बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. तिला राग आला होता की लाज वाटली होती, कोण जाणे. नामा मामांकडे बघत राहिला. "आरं, तू मामा हायस. पोरीच्या मागं कोन हुबा राहील?"

"तिचा भाऊस हाय."

एवढं बोलून मामा लॉरीत चढले आणि कडेवरची पोरं वर घ्यायला त्यांनी हात खाली केले. मामाच उपाशी निघालाय म्हटल्यावर अपमान कुणाचा आणि कसला? एकेक करून सगळे चढले. लॉरी सुरू झाली तशी व्याह्यांनी मुलाला बोहल्यावर धाडलं. लॉरी वळेपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग धावत आत आलो आणि कुसुमच्या मागं जाऊन उभा राहिलो. मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या मुठीतल्या अक्षता पायांवरच सांडल्या.

त्यानंतर पहिल्याच बाजाराला मामा आले आणि गोणपाटांवर बसले. ट्रान्झिस्टरवर, चहातल्या साखरेवर, लोकांच्या झोपण्याच्या वेळांवर मतं देऊन झाली. त्या कायद्यावर मात्र पुन्हा अवाक्षर काढलं नाही. जाता जाता तेवढं विचारलं, "भात मोकला झालेला काय रे?" मी हो म्हटलं. खरं तर त्या दिवशी भात कसा झाला होता, मला आठवत नाही.

मामांचं बारावं करून परवा आम्ही गव्हाणहून आलो. सारी आळी जेवायला होती. नामा पंगतीत वाढत होता आणि मला आग्रह करकरून वाढत होता. घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, "कुसुमच्या लग्नाची मामांना रुखरुख असेल काय गं?"

ती लुगड्याची घडी घालत होती. म्हणाली, "त्यांचं मला माहीत नाही. कुसुमला बोहल्यावर मीच आणलं. अंतरपाट धरला तेव्हा तिनं मला हळूच विचारलं होतं, वहिनी, मामा मागं आहेत ना? मी म्हटलं, आहेत, तू वळून बघू नकोस. मग तिचं थरथरणं थांबलं."

घडी खाली ठेवून ती पुढं म्हणाली, "लॉरी तेव्हा कोपऱ्यावर वळत होती. मला दिसत होती."