वेल्ह्याच्या वाटेवर बिनडब्याची मोटार

भोरहून निघालो तेव्हा अर्धी आळी दारात आली होती. निरोपाला नव्हे, कोणाची भिंत पडली ते बघायला. हा सारा प्रताप माझे मेव्हणे बापूराव यांचा. धूर सोडणाऱ्या नळीवरचा डबा (सायलेन्सर) इंजिनाचा श्वास कोंडतो, तो काढला की आमची छोटी मोटार उडेल, असं म्हणून त्यांनी आदल्या दिवशी तो काढून टाकला. मोटारीतलं मला हॉर्नपुरतंच कळतं; मी मान डोलावली.

नसरापूरपर्यंत खरोखर उडतोय असं वाटलं. मग एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला. वेल्ह्याकडे वळून चढ लागला, तशी मोटारीची ओढच गेली. एरवी कुरकुरत का होईना, चढायची. आता आवाज डाकगाडीचा आणि चाल बैलगाडीची! बापूराव उतरून नळीशी खटपट करत, हात काळे करून परत बसत आणि ताकद कशी वाढली आहे ते ओरडून सांगत. वेल्ह्याच्या मेंगाईदेवीला वाहायचा नारळ मांडीवर घेऊन मागे बसलेल्या आमच्या मंडळींनी, म्हणजे बापूरावांच्या बहिणीनं, दोन्ही कान झाकले होते.

चढ संपून सपाटी लागली, तिथल्या वळणावर धनगरांची वाघर (मेंढरांभोवती लावलेलं जाळं) होती. नळीनं नेमका तिथेच बार काढला. मेंढ्या जाळं पाडून रानात पळाल्या, कोकरं मागे राहिली.

एक म्हातारी धावत आली.

"बंद करा ते," ती म्हणाली. "आया पोरांच्या हाकेवर येत्यात. तुमच्या या बोंबलण्यात त्यांनी काय ऐकायचं?"

इंजिन बंद झालं. तिनं आम्हां तिघांना मातीत बसवून हातांत एकेक कोकरू दिलं. मेंढ्या परतू लागल्या. हुंगून आपापलं पोर ओळखून नेऊ लागल्या. शेवटी बापूरावांच्या हातातलं उरलं. त्याची आई आली, तिनं हुंगलं आणि डोक्यानं ढकलून दिलं. त्याच्या अंगाला काजळीचा वास लागला होता.

"रातचं जन्मलंय. आईनं टाकलं तर जगायचं न्हाई, दादा."

गाईचं दूध पाजता येईल, असं बापूराव सुचवू लागले.

"बापू, तू आता एक अक्षर बोलू नकोस," आमची मंडळी म्हणाली.

म्हातारीनं ओल्या गवतानं कोकरू पुसलं, त्याच मेंढीची धार काढून ते दूध त्याच्या पाठीवर, शेपटीवर चोळलं. मेंढीनं पुन्हा हुंगलं, पाय आपटला, बराच वेळ तशीच उभी राहिली. मग चाटू लागली.

दर्शन घेऊन परतताना वळणाच्या अलीकडेच मंडळींनी इंजिन बंद करायला लावलं, मेंढरं पुन्हा बुजायला नकोत म्हणून. बसून फिरायला घेतलेली मोटार मी आणि बापूराव घाम गाळत ढकलत होतो, आणि माझा संताप काही केल्या उतरत नव्हता. डबा उद्या बसेल. पण रस्ता आपल्या एकट्याचाच आहे, हे या माणसाच्या डोक्यातून कोण काढणार?

तेवढ्यात म्हातारी आली आणि तिनंही मागून खांदा लावला.

"बिगीनं जावा," ती हळूच म्हणाली, "आत्ताशी पिऊन निजलंय."

ती मदत नव्हती, आम्हांला घालवून देणं होतं. तिच्या जागी मी असतो, तर याहून जोरानं ढकललं असतं.