पडल्यानंतरची रेणुका

मेहकरच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहत बसली असताना रेणुकाला स्वतःचं पडणं दिसलं. शेजारची बाई मोबाइल पाहून पोट धरून हसत होती. "पाह्यलं का, कशी गोते खाऊन राह्यली," म्हणत तिनं मोबाइल पुढं केला. पांढरा डोंगर, निळ्या कपड्यांतली एक बाई, दोन कोलांट्या, आणि मागं जोडलेलं गाढवाचं ओरडणं. नऊ सेकंद.

"मीच हाय ते," रेणुका म्हणाली. बाईची नजर तिच्या पायाला मांडीपासून बांधलेल्या पट्ट्यावर गेली आणि हसू तोंडातच राहिलं.

रेणुका लोणारजवळच्या बीबी गावची, एसटीतल्या मेकॅनिक इंद्रभानची थोरली मुलगी. बर्फ तिनं पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी, सीमेवरच्या दलात भरती झाल्यावर. उत्तराखंडात औलीला स्कीवर उभं राहायला शिकली आणि चार वर्षांत, झेंड्यांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत देशात तिसरी आली. यंदाच्या फेब्रुवारीत मात्र दुसऱ्या फेरीत स्कीची कड बर्फात रुतली आणि गुडघ्यात काहीतरी फटकन तुटलं. ऑपरेशन झालं. सहा महिन्यांची रजा घेऊन ती घरी आली.

शर्यतीचा व्हिडिओ तिनंच गावाच्या ग्रुपवर टाकला होता. पण तो चांगला दोन मिनिटांचा होता. पडल्यावर ती उठली होती. शर्यतीतून बाद झालेली असूनही एका पायावर भार देत, दात खाऊन, उरलेली सगळी वळणं घेत खाली पोचली होती. कापणाऱ्यानं नेमकं तेवढंच कापलं होतं.

कापणारा कोण, हे शोधायला लागलं नाही. गावात मोबाइलचं दुकान असलेला जानराव गावच्या बातम्यांचं पान चालवायचा. संध्याकाळी कुबड्या टेकत ती त्याच्या दुकानात गेली. इंद्रभान मागून "राहू दे, बाई" म्हणत होता, ते तिनं ऐकलं नाही.

"काऊन कापला बे?"

"अवं, फेमस झाली तू," जानराव मान वर न करता म्हणाला. "दोन लाख लोकायनं पाह्यलं."

"माहा पाय तुटला त्याच्यात. पूर्ण लाव."

"पूर्ण कोण पाह्यते? पडणारं पाह्यतेत लोक. उठणारं नाही पाह्यत कोणी."

रेणुकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुबडी उगारावी असं एक क्षण वाटलंही. त्याऐवजी तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्या दुकानाच्या तोंडाशी बसली. रिचार्जला येईल त्याला ती आपल्या मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ दाखवायची. संपेपर्यंत आत सोडायची नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेच. लोक पाहायचे आणि आत जाऊन जानरावकडं वेगळ्याच नजरेनं पाहायचे. चौथ्या दिवशी त्यानं वैतागून पूर्ण व्हिडिओ लावला. नऊ सेकंदांचा मात्र काढला नाही. तो अजूनही तिथं आहे.

पूर्ण व्हिडिओ तीन-चार हजारांनीच पाहिला. पण त्यांतल्या काहींनी तिचा नंबर शोधला. पहिला फोन साखरखेर्ड्याहून आला, अंबूबाईचा. जिन्यावरून पडून गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वय बावन्न.

"पोरी, तू त्या पायावर भार कधी टाकला?"

"डॉक्टरनं सांगितलं त्या दिवशी. तुमाले काय सांगितलं?"

"टाका म्हणते. मले भेव लागते."

"भेव लागते म्हणून खाटेवर सडता का?" रेणुका खेकसली. "उभ्या राहा आत्ता. मी फोन धरून हाय."

पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला, मग एक शिवी, मग, "राह्यली."

असे पुढं पाय मोडून बसलेल्यांचे बरेच फोन आले. रेणुका कोणाशीच गोड बोलली नाही. तिचा राग कमी होत नव्हता. तो तिनं व्यायामात घातला. भिंतीला पाठ लावून बसणं, मग चालणं, मग लोणारच्या विवराचा उतार, वर आणि खाली, घोटे दुखेपर्यंत. अंबूबाई रोज विचारायची, आज किती वेळा. रोज खरं सांगावं लागायचं.

पुढच्या फेब्रुवारीत ती पुन्हा औलीच्या माथ्यावर उभी राहिली. अकरा जणींत पाचवी आली. गावात जानरावनं तिच्यापेक्षा स्वतःचा फोटो मोठा असलेला बॅनर लावला आणि सत्काराचं बोलावणं धाडलं. "त्याले सांगा, येत नाही," एवढंच ती वडिलांना फोनवर म्हणाली. एरवी "राहू दे" म्हणणाऱ्या इंद्रभाननं ते पहिल्यांदाच जसंच्या तसं जाऊन सांगितलं.

अंबूबाईला मात्र तिनं शर्यत संपल्या संपल्याच स्वतः फोन लावला होता.

"पाचवी? मंजे चौघी पुढं गेल्या," अंबूबाई म्हणाली. "काऊन गेल्या?"

रेणुका चिडली. मग बर्फातच बूट काढत बसून तिनं पहिल्या झेंड्यापासून एकेक वळण कुठं चुकलं ते सांगायला सुरुवात केली, आणि अंबूबाई मधेमधे तिला थांबवून विचारत राहिली.