समोरचा दिवा बंद

माझ्या निरीक्षणांच्या वहीत त्या आठवड्याच्या प्रत्येक पानावर एकच शेरा आहे : 'आकाश निरभ्र. समोरचा दिवा बंद.' दोन्ही वाक्ये खरी आहेत. तरीही त्यातल्या दुसऱ्याइतके हलके वाक्य मी आयुष्यात लिहिलेले नाही.

तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात रंगांच्या छटा तपासण्याचे माझे काम होते. दिवसभर दोन पांढऱ्यांमधला फरक सांगणाऱ्या माणसाला हळूहळू असे वाटू लागते, की फरक कळणारा जगात तो एकटाच. मला तसे वाटत असे. शहर वाढता वाढता पडेगावच्या माळावर येऊन पोचले होते आणि तिथल्या गुंठेवारीत आम्ही घर बांधले होते. गच्चीवर माझी दुर्बीण होती आणि तिच्या मागे, ताऱ्याचा उजेड फाकवून त्याचा वर्णपट टिपणारे, मी स्वतः जुळवलेले उपकरण. आकाशदर्शनाला येऊन शनीची कडी बघणाऱ्या आणि पोहे खाऊन घरी जाणाऱ्या लोकांची मला कीव येई. तेजोमेघांची रंगीत छायाचित्रे काढणाऱ्या हौशी मंडळींना मी 'कॅलेंडरवाले' म्हणत असे, आणि शेजाऱ्यांना तर मी काही म्हणतही नसे.

ब्रह्महृदय या ठळक ताऱ्याजवळ तीन मंद ताऱ्यांचा एक चिंचोळा त्रिकोण आहे. त्यातला एक तारा म्हणजे वास्तविक जोडी. एक अवाढव्य, थंड, नारिंगी. दुसरा लहान, तापलेला, निळसर. दर दोन वर्षे आठ महिन्यांनी लहाना मोठ्याच्या मागे जातो आणि पाच-सहा आठवडे झाकलेला राहतो. साध्या डोळ्याला काही घडल्याचे कळतही नाही, कारण डोळ्याला दिसतो तो मुख्यतः मोठ्याचा उजेड. जांभळ्या प्रकाशात मात्र लहाना मोठ्याला तोडीस तोड असतो. झाकला जाण्याआधी काही दिवस त्याचा प्रकाश मोठ्याच्या विरळ वातावरणातून गाळून येतो, आणि वर्णपटाच्या जांभळ्या टोकाला कॅल्शियमची काळी रेघ रोज अधिक ठळक होत जाते. मला त्या आठ-दहा संध्याकाळी हव्या होत्या. चुकल्या, तर पुन्हा दोन वर्षे आठ महिने थांबणे आले.

दुष्काळाचे ते लागोपाठ दुसरे वर्ष. ढग नाहीत याचा मला मनातून आनंद होता, आणि एकदा तो तोंडातून निघाला. आकाश कसे काचेसारखे आहे, असे मी पत्नीला म्हणालो. ती भाज्या धुतलेले पाणी बादलीत जपून ओतत होती. "मग ती काचच प्या," ती म्हणाली. तिलाही फरक कळत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

अडचण होती ती समोरच्या खांबाची. त्यावर पाऱ्याच्या वाफेचा दिवा होता. असा दिवा नेमका जांभळ्या टोकालाच उजेड ओकतो, आणि चहूकडे चाललेल्या बांधकामांची धूळ तो उजेड माझ्या आकाशभर पसरवी. हा दिवा वस्तीला सहज मिळालेला नव्हता. समोरच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, शेळ्या पाळणाऱ्या एका बाईंनी त्यासाठी वॉर्ड ऑफिसात खेटे घातले होते. सगळी वस्ती त्यांना आक्का म्हणे. त्यांचे घराणे पिढ्यानपिढ्या कळपामागे हिंडलेले. आता कुरणांचे प्लॉट झाले होते, म्हणून आक्का रिकाम्या प्लॉटांवर शेळ्या चारीत आणि दूध घरोघर घालीत. दिव्याचे कारण म्हणजे टँकर. तो अंधार पडल्यावर येई आणि रस्त्याकडेला मांडलेले निळे ड्रम त्या दिव्याखाली भरले जात.

मी वायरमनला गाठून सांगितले, की खांबावर ठिणग्या उडतात आणि खाली लहान मुले खेळतात. ठिणगी एकही उडालेली नव्हती. त्याने बिचाऱ्याने मुलांच्या काळजीने त्याच दुपारी दिव्याची जोडणी तोडली आणि सामान आले की जोडतो म्हणाला. मी त्याला चहा पाजला.

पुढच्या संध्याकाळी अपूर्व होत्या. रेघ रोज ठळक होत होती. खाली अंधारात माणसे चाचपडत होती. कोणी म्हणे, माझ्या ड्रमात हात घालणारा तू कोण. दुसरा म्हणे, अंधारात सगळे ड्रम निळेच. हसत, भांडत, वायरमनच्या नावाने बोटे मोडत ते पाणी भरत होते. मला तो गलका गुरांच्या बाजारासारखा वाटे, आणि त्यांच्या पायांनी गच्ची हादरते अशी माझी तक्रार होती.

सहाव्या संध्याकाळी एक धप्प आवाज झाला, आणि पाठोपाठ आक्कांचा, ओरडणे अर्ध्यावर गिळल्यासारखा. टँकरच्या पाइपात पाय अडकून त्या हातावर पडल्या होत्या. पत्नी जिन्यावर येऊन म्हणाली, आक्का पडल्यात, रिक्षा बघा. वर्णपट टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे झाकण वीस मिनिटे उघडे ठेवायचे होते; मध्येच मिटले, तर तो वर्णपट वाया.

"बारा मिनिटं राहिलीत," मी म्हणालो.

ती खाली उतरली. रिक्षा तिनेच आणली आणि दवाखान्यात तीच बरोबर गेली. मी बारा मिनिटे पूर्ण केली. तो वर्णपट मी काढलेल्यांतला सर्वोत्तम आहे, आजही आहे. मी तो दूर गावच्या जाणकार निरीक्षकांना पाठवला तेव्हा त्यांनी मनापासून कौतुक केले.

आक्कांचे मनगट मोडले होते, आणि एका हाताने शेळी पिळता येत नाही. पत्नी सकाळी त्यांच्याकडे जाऊ लागली. तिला येत नव्हते. शेळ्या लाथा मारीत, दूध सांडे, आणि आक्का बसल्या जागेवरून तिला शिकवीत. माझ्याशी ती कामापुरतेच बोले. आठ दिवस मी गप्प राहिलो. ज्यांना कधी माणसांत धरले नाही, त्यांच्यासमोर कबुली देणे मला कमीपणाचे वाटत होते. याहून अधिक काही त्या गप्प राहण्यात नव्हते.

शेवटी एका सकाळी गेलो. आधी वायरमनला खरे सांगितले होते. आता आक्कांना सांगितले : ठिणग्यांचे, ताऱ्याचे, बारा मिनिटांचेही. त्यांनी शेळीच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"व्हय का," त्या म्हणाल्या. "अन् म्या त्या वायरमनच्या सात पिढ्या काढल्या." मग म्हणाल्या, "मला एकटीला कशाला सांगता, भाऊ? अंधारात म्या एकटी व्हते का? टँकरपाशी सांगा."

त्या संध्याकाळी दिवा पुन्हा लागला होता. त्याच्या उजेडात, ड्रमांच्या रांगेत उभे राहून मी सांगितले. मला शिव्यांची अपेक्षा होती. शिव्या आदराच्या ठरल्या असत्या. मग एक म्हातारा म्हणाला, "मग साहेब, गावलं का काही तिकडं?"

"गावलं," मी म्हणालो.

"काय गावलं?"

"कॅल्शियम."

"लई झ्याक. मग आक्काला द्या की थोडं. हाड तरी जुळंल."

रांग हसली. आक्काही हसल्या, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. माझ्या तिरस्काराला इतक्या वर्षांत कोणी लावलेले हे पहिले योग्य माप होते. हसून झाल्यावर आक्कांनी निकाल दिला : हात सुटेपर्यंत त्यांचा ड्रम मी भरायचा.

प्लास्टर आणि ग्रहण, दोन्ही पाच-सहा आठवड्यांची. लहाना तारा बाहेर पडण्याच्या संध्याकाळी मार्च संपता संपता आल्या. तोवर तारा पश्चिमेला कलला होता. अंधार पडल्यावर तासाभरात क्षितिजाची धूळ त्याचा जांभळा प्रकाश खाऊन टाकी. नेमक्या त्याच तासाला टँकर येई. दरम्यान मी वर्णपट पाठवलेल्यांना दिव्याची हकिकत कळवली होती. त्यांचे उत्तर आले, की दिवा कसा बंद झाला याने मोजमापाला बाधा येत नाही. मोजमापाला खरोखरच बाधा आली नव्हती.

ज्या संध्याकाळी लहाना तारा बाहेर पडणार होता, त्या संध्याकाळी मी आक्कांच्या ड्रमात पाइप धरून उभा होतो. दिव्याच्या उजेडातून तो त्रिकोण जेमतेम दिसत होता. त्यात काहीही बदल नव्हता; डोळ्याला तो दिसणार नव्हताच, हे मला सर्वांपेक्षा चांगले माहीत होते. तरी मी बघत राहिलो.

"भाऊ," आक्का म्हणाल्या, "वर काय बघता? पाणी चाललंय."

ड्रम भरून माझ्या चपलांवरून पाणी वाहत होते. मी पाइप उचलून पुढच्या ड्रमात घातला.