मागच्या सीटची खोळ आणि पचमढीचा घाट

आम्ही कोटऱ्यातल्या घरून निघालो तेव्हा ऊन अजून समोरच्या घरांच्या टाक्यांवरच होतं. आजोबांनी बटण दाबलं, समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि गाडी काहीही आवाज न करता फाटकाबाहेर सरकली. फाटकाशी झोपलेल्या कुत्र्याला ती अगदी जवळ येईपर्यंत कळलीच नाही. घरच चालायला लागल्यासारखा तो आमच्याकडे बघत राहिला.

ईरा, निहार, तुम्ही ही गाडी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिली आहे, म्हणून आधी तिची ओळख करून देते. ती हायब्रिड आहे. म्हणजे तिच्या पोटात पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोठी बॅटरीही. हळू चालताना ती विजेवर चालते, जोर लागला की इंजिन मदतीला येतं. घरी प्लग लावावा लागत नाही, कारण ब्रेक दाबला की चाकांच्या फिरण्यातूनच बॅटरी भरते. आजोबांचं सगळं आयुष्य आनंद नगरजवळच्या कारखान्यात विजेची अवजड यंत्रं घडवण्यात गेलं, त्यामुळे या एका गोष्टीवर ते फिदा आहेत. उतार आला की ते मला पडदा दाखवतात. "बघ, मी वीज तयार करतोय." जणू गाडी नुसती निमित्ताला आहे.

एवढी उंची, महागडी गाडी आम्हा दोघांना कशाला, असं मी तुमच्या बाबांना तेव्हाच म्हटलं होतं. पण त्यांनी हट्टाने घेऊन दिली, आजोबांनी रंग निवडला, आणि मग मीही तिची झाले. अशी गाडी सांभाळणं म्हणजे घरात एक पाहुणा कायमचा ठेवून घेणं आहे. नुसती उभी राहिली की तिची दुसरी, लहान बॅटरी उतरते, म्हणून अधूनमधून तिला मोठ्या तलावापर्यंत फिरवून आणायचं. कडुनिंबाखाली लावायची नाही, चिकटा पडतो. पावसाळ्यात उंदरांनी तारा कुरतडू नयेत म्हणून बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधायची. काचांचं फडकं वेगळं, चाकांचं वेगळं. हे शेवटचे नियम अर्थात माझे.

मागची सीट तुमची. फिकट बदामी रंगाचं चामडं आहे, एक डाग पडला तर दिसेल. तुम्ही याल तोवर ती नवी राहावी म्हणून मी तिला खोळ शिवली होती. आनंद नगरच्या क्वार्टरमध्ये तुमच्या बाबांच्या खोलीला निळ्या फुलांचे पडदे होते, त्यांचीच. आत पातळ कापूस भरला, चारी बाजूंनी नाड्या लावल्या आणि सीटच्या बुडापर्यंत घट्ट बांधून टाकली. सुरकुती म्हणून नाही.

आता अडचण सांगते. मागच्या वर्षभरात लांबच्या प्रवासात दोनदा समोर पिवळा त्रिकोण लागला होता. एकदा उज्जैनच्या वाटेवर, एकदा सागरहून येताना. बॅटरी तापली आहे, तपासून घ्या, असा निरोप. दोन्ही वेळा गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी यंत्र लावून पाहिलं, फिरवून आणली आणि सांगितलं, गाडी ठणठणीत आहे. तुमच्या बाबांचा जीव तिकडे टांगणीला. शेवटी ते फोनवर म्हणाले, "अण्णा, रस्त्यात तुम्ही दोघं अडकून पडलात तर मी इथून काय करणार? पचमढीला जाऊन या. या वेळी दिवा लागला, तर गाडी विकायची. नाही लागला, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"कबूल," आजोबा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी आमरस दुसऱ्यांदा मागितला नाही, तेव्हाच मला कळलं.

गिऱ्हाईकही तयार होतं. आजोबांचे कारखान्यातले सोबती वानखेडे काका, मूळचे अमरावतीचे. त्यांच्या कोलार रोडच्या जावयाला ही गाडी हवी होती. गाडी घाटात कशी चालते ते स्वतः बघावं म्हणून काका आमच्याबरोबर निघाले. पाहुणे म्हणून ते पुढच्या सीटवर बसले आणि मी पहिल्यांदाच मागे, माझ्याच खोळीवर.

ओबेदुल्लागंजला पोहे आणि जलेबी खायला थांबलो. इथे पोह्यांवर शेव तर घालतातच, वर जीरावन (एक आंबटतिखट मसाला) भुरभुरतात. दुकानदार गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"बाबूजी, ॲव्हरेज क्या देती है?"

आजोबांनी सांगितलं. दुकानदाराचा विश्वास बसेना. वानखेडे काकांनी जलेबी तोंडात असतानाच हात वर केला. "सच बोल रहे हैं भैया. म्हणून तर जावई मागे लागला आहे बाप्पा."

आजोबांनी उरलेली जलेबी तशीच द्रोणात ठेवली.

पुढे सागाचं जंगल लागतं. उन्हाळ्यात सगळी पानं गळलेली, नुसते खांब उभे केल्यासारखे. बुधनीला रस्त्याच्या कडेला लाखेच्या रंगांनी रंगवलेली लाकडी खेळणी मांडलेली असतात. तुमच्यासाठी दोन भोवरे घेतले, एक लाल-पिवळा, एक हिरवा. कुणाचा कोणता यावर भांडू नका, दोन्ही तितकेच फिरतात, मी तिथेच फिरवून पाहिले. नर्मदेच्या पुलावर काकांनी काच खाली करून हात जोडले. "नर्मदे हर! गाडी चांगल्या घरी जाऊ दे."

"ती चांगल्याच घरी आहे," आजोबा समोर बघत म्हणाले.

पाणी खूप खाली गेलं होतं, पण घाटावर आंघोळीला गर्दी होती. सोहागपूरला एक सुराही (मातीची, बारीक मानेची) घेतली आणि ती मांडीवर धरून बसले. पिपरिया मागे पडलं तेव्हा बाहेर भट्टी पेटली होती. आत थंडगार. दिवा लागला नव्हता. आजोबा गुणगुणायला लागले होते, आणि गुणगुणणारे आजोबा म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं.

मटकुलीच्या अलीकडे गुणगुणणं थांबलं.

मी दोन सीटच्या मधून पाहिलं. पिवळा त्रिकोण.

आजोबांनी एका चहाच्या टपरीजवळ, आंब्याच्या सावलीत गाडी घेतली. पुढे घाट दिसत होता, जांभळट, अगदी हाताशी.

टपरीवाला पळत आला. "अम्मा, गाडी गरम हो गई क्या? बोनट पे पानी डाल दो." (बॉनेटवर पाणी ओता.) तो खरंच मग घेऊन आला. आजोबांनी त्याला घाईघाईने थांबवलं. एरवी त्यांनी त्याला विजेवर अर्धा तास व्याख्यान दिलं असतं.

"काहून एवढं मनाला लावून घेता जी?" काका म्हणाले. "यंत्र आहे. जावयाच्या ओळखीचा माणूस आहे, तो करेल दुरुस्त. भाव थोडा कमी करा, बस."

"प्रश्न भावाचा नाही," आजोबा म्हणाले. "मी शब्द दिलाय. इथूनच परत फिरू. घाट राहू दे."

ते दोघं चहा प्यायला उतरले. मी उतरले नाही. खरं सांगायचं तर आजोबांचा चेहरा मला जवळून बघवत नव्हता. आपल्या हातून आता काही सुटत चाललंय हे त्यांना कळलं होतं, आणि ते फक्त गाडी नव्हतं.

दारं बंद झाली. माझ्यासाठी एसी चालू ठेवला होता, पण इंजिन तर आधीच गप्प होतं. आणि त्या शांततेत मला धापा टाकण्याचा आवाज आला. कुणीतरी उशीखाली तोंड दाबलेलं असावं तसा. घुर्रर्र, घुर्रर्र, माझ्या पायांच्या मागून. मी सुराही बाजूला ठेवली आणि वाकून पाहिलं. सीटच्या बुडाशी, एका कडेला, खोळीचं कापड आत ओढलं गेलं होतं. निळ्या फुलाचा मोठा खळगा झाला होता. बोटाने ओढलं तर सुटेना.

नाड्या सोडल्या. कापड बाजूला होताच एक जाळी दिसली आणि आवाज एकदम मोकळा झाला. माझ्या हाताजवळची थंड हवा सरसर त्या जाळीत शिरत होती. आतून पंखा हवा ओढत होता, आणि जाळीवर माझ्याच कापसाचा पांढरा थर बसला होता.

"अहो! इकडे या!"

आजोबा चहाचा ग्लास हातात घेऊनच आले. मी काही सांगायच्या आत त्यांनी जाळी पाहिली, खोळ पाहिली, आणि ग्लास हळूच गाडीच्या टपावर ठेवला. एरवी मी हे चालवून घेतलं नसतं.

"बॅटरी या सीटखाली आहे," ते म्हणाले. "तिला गाडीतली थंड हवा लागते. ही तिची नाकपुडी."

"आणि मी तिच्यावर गादी घातली."

"पण मग सर्व्हिस सेंटरवाल्यांना कसं दिसलं नाही? दोनदा पाहिलं त्यांनी," आजोबा म्हणाले.

मी खोळीची नाडी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "खोळ नव्हतीच तेव्हा. न्यायच्या आदल्या दिवशी मी काढून धुतली होती. परक्या माणसांचे तेलकट हात लागतील म्हणून. गाडीही आतून झाडून, पुसून दिली होती."

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं, नंतर चेहऱ्याला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"वहिनी, तुम्ही तर रोग्याचा ताप उतरवून मग डॉक्टरकडे नेता जी!" वानखेडे काका म्हणाले.

"चाळीस वर्षं हेच करतेय ही," आजोबा म्हणाले. "मोलकरीण यायच्या आधी घर आवरते!"

हसायचं तेवढं हसून घेऊ दिलं. मग माझ्या पिशवीतून जुना दात घासायचा ब्रश काढला (पिशवीत तो का होता हे विचारू नका, लागतो) आणि गाडी बंद करून जाळी साफ केली. खोळीची घडी घालून डिकीत ठेवली. दुसरा चहा झाला. आजोबांनी पुन्हा बटण दाबलं. त्रिकोण लागला आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. घाटाची पहिली वळणं आम्ही अगदी हळू चढलो. देनवा नदी खाली राहिली, माकडं कठड्यावरून बघत होती, आणि एका वळणानंतर पाहिलं तर त्रिकोण नव्हता. आजोबा पुन्हा गुणगुणायला लागले.

पचमढीला हवा निराळी. संध्याकाळी साल वृक्षांखालून चालताना अंगावर पदर घ्यावासा वाटला. मुक्कामाच्या जागी डाळ-बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले) खात असताना तुमच्या बाबांचा फोन आला.

"अण्णा, दिवा लागला का?"

आजोबांनी फोन माझ्याकडे दिला. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, आणि खरं सांगितलं तर गाडी जाणार होती.

"लागला," मी म्हणाले. "आणि मी विझवला." मग सगळं सांगितलं, कापसासकट.

मग तुमच्या बाबांनी विचारलं, "आई, ती खोळ कशाची होती म्हणालीस?"

"तुझ्या खोलीच्या पडद्यांची."

"निळ्या फुलांचे?" आणि जरा थांबून, "अण्णांना सांग, येताना उतारावर वीज भरपूर करा म्हणावं."

आजोबांनी ताटातला बाफला फोडला आणि तूप मागितलं. मागून घेतलेलं हे तूप मी पहिल्यांदाच मोजलं नाही.

वानखेडे काका मात्र रुसले. "वा! आता गाडी बरी झाली तर देत नाही म्हणता? मला घाटावर आणलं आणि हातावर तुरी दिल्या! जावयाला काय सांगू?"

"सांगा, सासू फार नीटनेटकी आहे," आजोबा म्हणाले. "गाडीची."

परतताना घाट उतारच उतार. आजोबा मला सारखे पडदा दाखवत होते. मी आता पुढे बसले होते आणि काका मागे, उघड्या बदामी चामड्यावर, चण्यांची पुडी घेऊन. दोन दाणे सीटच्या फटीत गेले. मी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागले. मागून तो पंखा हळू आवाजात चालला होता, झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखा.

घरी येऊन बरेच दिवस झाले. खोळ उसवली. कापूस दोन उश्यांत गेला, आणि पडद्यांचे पुन्हा पडदे झाले. तुम्ही याल तेव्हा जिथे झोपाल त्या खोलीला लावले आहेत. सीटला काही घातलेलं नाही. तिच्यावर पाय ठेवा, भोवरे फिरवा, चिवडा सांडा. मी काही बोलणार नाही. निदान पहिला आठवडाभर तरी नाही.

संध्याकाळी तलावावरून वारा आला की ते पडदे खिडकीच्या जाळीला जाऊन चिकटतात. मी प्रत्येक वेळी उठते आणि त्यांना बाजूला बांधून येते.